तुमचा रिपोर्ट वाचणार कोण?

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं थोडी आवरून घेतली आहेत.)



गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री साडेदहाला माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट करावे लागतात, त्यातलाच एक. म्हणाली, "दादा, उद्या प्रपोजल द्यायचंय. सगळं भरून झालंय, एकच रकाना राहिलाय. 'अपेक्षित वाचक' असं लिहिलंय. तिथं काय टाकू?"

मी विचारलं, "तू काय टाकलंयस?"

"'समाजातील सर्व घटक' असं टाकलंय. पण मैत्रिणीनं 'विद्यार्थी, शिक्षक, पालक, शासन व संशोधक' असं टाकलंय. कुणाचं बरोबर?"

मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. कारण आठेक वर्षांपूर्वी मी स्वतः असंच काहीतरी टाकून मोकळा झालो होतो, आणि त्याचा हिशोब मला नंतर द्यावा लागला. आजचा भाग त्या एका रकान्याबद्दल आहे. ऐकायला फार रुक्ष वाटेल, पण पंधरा मिनिटं थांबा.

तर माझी गोष्ट. मी बीटेक कॉम्प्युटरचा. पण पर्यावरण हा विषय कुठल्याही शाखेला चुकत नाही. दुसऱ्या वर्षाला आम्हा चौघांच्या ग्रुपला 'ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता' हा विषय आला. चौघंही शहरातले. मी म्हटलं, माझ्या आत्याचं गाव आहे बीड जिल्ह्यात, दिवाळीला जाणारच आहे, येताना नमुने घेऊन येतो. गावात पाण्याच्या सहा जागा होत्या. दोन विहिरी, दोन हातपंप, दोन बोअर. सहा बाटल्या भरल्या, बसमध्ये मांडीवर घेऊन आलो, आणि सिव्हिलच्या प्रयोगशाळेत ओळखीच्या सिनियरकडून तपासून घेतल्या.

पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट. सगळ्याचे आकडे आले. रिपोर्ट लिहायला बसलो. आमच्या डोळ्यांसमोर तेव्हा एकच माणूस होता, तो म्हणजे मार्क देणारे सर. सरांना काय आवडतं हे सिनियर मुलांकडून कळलं होतं. आलेख पाहिजेत, सरासरी पाहिजे, मानकाशी तुलना पाहिजे, आणि शेवटी निष्कर्ष चार ओळींत. नमुन्यांना नावं दिली एस-१ ते एस-६. नायट्रेटची सरासरी आली लिटरला ४१ मिलिग्रॅम. भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ पेक्षा जास्त नको. आम्ही लिहिलं, 'गावातील पाण्यातील नायट्रेटचे सरासरी प्रमाण विहित मर्यादेच्या आत आढळले.' अपेक्षित वाचक या मथळ्याखाली लिहिलं, 'ग्रामस्थ, शासकीय यंत्रणा, संशोधक व सर्वसामान्य नागरिक.' स्पायरल बाइंडिंग, निळं कव्हर, पंचवीसपैकी तेवीस मार्क. विषय संपला.

मे महिन्यात परत आत्याकडे गेलो. दुपारी जेवताना आत्या म्हणाली, "अरे, तू दिवाळीत पाणी नेलं होतंस तपासायला. काय निघालं त्याच्यात? प्यावं का न्हाई?"

मी म्हटलं, "चांगलंय आत्या, सरासरी मर्यादेच्या आत आहे."

ती म्हणाली, "सरासरी कशाला? आम्ही काय सगळ्या विहिरींचं मिसळून पितो का? आपल्या विहिरीचं सांग."

लॅपटॉप बरोबर होता. फाइल उघडली. आत्याची विहीर म्हणजे एस-४. एस-४चा आकडा होता ७८. बाकीचे पाच होते ४४, ४०, ३३, २९ आणि २२. बेरीज करा, २४६. सहानं भागा, ४१. गणित अगदी बरोबर होतं.

आता हे ७८ म्हणजे काय, तेही सांगतो. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. शेतातल्या युरियातून, उकिरड्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून ते झिरपत विहिरीत येतं. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही. धोका असतो तो तान्ह्या बाळाला, विशेषतः सहा महिन्यांच्या आतल्या. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, आणि मग रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. बाळ निळसर पडू शकतं. आणि यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट उकळताना पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट मागे राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण थोडं वाढतंच.

आत्याच्या शेजारच्या घरात तेव्हा चार महिन्यांचं बाळ होतं. आईला दूध पुरत नव्हतं म्हणून त्याला वरचं दूध चालू होतं. त्यात पाणी घालायचं ते त्याच विहिरीचं. आणि घरातली आजी ते पाणी रोज निगुतीनं उकळून घ्यायची, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की उकळलं की पाणी शुद्ध होतं. बऱ्याच बाबतीत ते खरंही आहे.

बाळाला काही झालं नाही. आधीच सांगून टाकतो, कारण ऐकताना तुमच्या मनात तेच आलं असणार. त्याच दिवशी आशाताईंना बोलावलं, त्यांनी दवाखान्यात न्यायला सांगितलं, डॉक्टरांनी तपासलं, बाळ ठणठणीत होतं. पाणी बदललं. पण तो आकडा दिवाळीनंतर लगेच माझ्या लॅपटॉपवर आला होता, आणि मी तो मे महिन्यात, तोही आत्यानं विचारलं म्हणून, सांगितला. मधल्या काळात तो कुठे होता? एका निळ्या कव्हरच्या रिपोर्टमध्ये, पान अकरावर, टेबल क्रमांक तीनमध्ये. ज्यावर लिहिलं होतं, अपेक्षित वाचक, ग्रामस्थ.

मी बराच काळ असं समजत होतो की आमची चूक भाषेची झाली. इंग्रजीत लिहिलं, सोप्या मराठीत लिहायला हवं होतं, वगैरे. नंतर विचार केल्यावर कळलं की भाषा हा शेवटचा भाग आहे. समजा तोच रिपोर्ट मी शुद्ध मराठीत भाषांतर करून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला असता, तरी त्यात 'सरासरी मर्यादेच्या आत' हेच आलं असतं. म्हणजे तो जास्त घातक ठरला असता. चूक आधीच झाली होती. कोणासाठी लिहितोय हे खरोखर ठरवलं असतं, तर मी सरासरी काढलीच नसती. एस-४ न लिहिता 'मारुतीच्या देवळामागची विहीर' असं लिहिलं असतं, कारण गावात एस-४ नावाची विहीर नाही. आणि नमुने घेतानाच विचारलं असतं की या विहिरीवर कोण पाणी भरतं, कुणाच्या घरात लहान बाळ आहे. हा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नव्हता. सरांना तो लागणार नव्हता ना.

म्हणजे बघा, वाचक कोण हे ठरवणं हे लिहायच्या वेळचं काम नाहीच. ते बाटली भरायच्या आधीचं काम आहे. वाचकावरून प्रश्न ठरतो, प्रश्नावरून कुठली माहिती गोळा करायची ते ठरतं, माहितीवरून टेबल कसं मांडायचं ते ठरतं. आपण उलटं करतो. सगळं झाल्यावर एक रकाना राहिला म्हणून तिथं 'सर्व घटक' टाकतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात हे रोज होतं. नवीन फीचर करायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, हे वापरणार कोण. कुणी 'सगळे युजर' असं म्हटलं की टीममधली अनुभवी माणसं कपाळाला हात लावतात. कारण 'सगळे' म्हणणाऱ्यानं अजून कुणाशीच बोललेलं नसतं.

आता बहिणीच्या प्रोजेक्टकडे येतो. तिचा विषय होता, 'वाहतुकीच्या अपुऱ्या सोयींचा विद्यार्थिनींच्या शिक्षणावर होणारा परिणाम'. ती स्वतः रोज एसटीनं तालुक्याच्या कॉलेजला जाते. प्रश्नावली तयार होती, पंचवीस प्रश्नांची. वय, वार्षिक उत्पन्न, घरात किती माणसं, आणि मग 'आपण बससेवेबाबत समाधानी आहात का', त्याला पाच पर्याय.

मी तिला म्हटलं, वाचक राहू दे बाजूला. मला एवढंच सांग, तुझा रिपोर्ट वाचून कुणी एकानं उद्या सकाळी काहीतरी वेगळं करावं, असं तुला वाटत असेल, तर तो माणूस कोण आणि त्यानं काय करावं?

ती म्हणाली, "शासनानं बस वाढवाव्यात."

"शासनात कोण?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "डेपोवाले?"

बरोबर. गाडी किती वाजता सुटणार यात आगार व्यवस्थापकाचं म्हणणं असतं. मग मी विचारलं, त्यांना तुझा समाधानाचा तक्ता दाखवलास, ६२ टक्के मुली असमाधानी आहेत असं म्हटलंस, तर ते काय करतील? ती म्हणाली, "हो म्हणतील आणि ठेवून देतील." मग त्यांना काय लागेल? त्यांना लागेल की कुठल्या थांब्यावर, किती वाजता, किती पासवाल्या मुली उभ्या असतात, आणि कुठल्या दिवशी गाडी आलीच नाही. त्याची तारखेनुसार नोंद लागेल. ती प्रश्नावलीत मिळत नाही. त्यासाठी थांब्यावर वही घेऊन उभं राहावं लागतं.

मग पालक. मुलीला संध्याकाळी उशीर होतो म्हणून शिक्षण थांबवू का, या विचारात असलेले पालक. त्यांना गाड्यांचे आकडे देऊन काय उपयोग? त्यांना कळायला हवं की त्याच रस्त्यावरच्या बाकीच्या मुली कशा येतात, कोण कुणाबरोबर असते, उशीर झाला तर कुणाच्या घरी थांबता येतं. त्यासाठी चार मुलींशी निवांत बोलावं लागेल.

आणि बोलता बोलता तिसरीच गोष्ट निघाली. ती म्हणाली, "दादा, खरं सांगू का? शेवटची गाडी पावणेपाचला आहे आणि आमचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल पाचला संपतं. आम्ही सातआठ जणी दर गुरुवारी साडेचारलाच निघतो. रीडिंग मैत्रिणीचं उतरवून घेतो."

मी म्हटलं, हा झाला तुझा प्रोजेक्ट.

ती घाबरली. "पण टाइमटेबल आमचेच सर लावतात. त्यांनाच हे लिहून देऊ? मार्क तेच देणार आहेत." आणि वर, "हे एवढंसं संशोधन कसं म्हणायचं?"

या दोन्ही शंका अगदी खऱ्या आहेत, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

एवढंसं संशोधन, याचं उत्तर मला एका विद्यार्थ्याच्याच निबंधात सापडतं. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचा एक भारतीय विद्यार्थी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचतो. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. म्हणायला गेलं तर हे सेमिनारसाठी केलेलं कामच. पण तो निबंध कोणासाठी लिहिलाय हे पहिल्या परिच्छेदातच कळतं. समोर बसलेल्यांना मानवी संस्कृतीचा अभ्यास माहीत आहे, जात मात्र त्यांनी जगलेली नाही. म्हणून ते सुरुवात करतात प्रदर्शनांपासून. वस्तूंची प्रदर्शनं आपण पाहिलेली असतात, आता मानवी संस्थेचं प्रदर्शन बघा, अशा अर्थानं. मग सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या घेऊन त्यात काय कमी पडतं ते दाखवतात. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा काय आहेत आणि त्यांचा जातीबाहेर लग्न न करण्याशी काय संबंध, हे पायरी-पायरीनं उलगडतात. अनुकरणाचा मुद्दा मांडताना तार्द या फ्रेंच विचारवंताचा आधार घेतात. पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

आता ३१ जानेवारी १९२०ला या. तेच बाबासाहेब, चार वर्षांनी, मराठीत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू करतात. इथल्या वाचकाला जात म्हणजे काय हे व्याख्या करून सांगायची गरज नाही, तो ती रोज सोसतोय. तिथं सेनार नाही, तार्द नाही. तिथं उपमा येते मनोऱ्याची, ज्याला मजले आहेत पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिना नाही. विषय तोच, माणूस तोच. समोर कोण बसलंय हे त्यांनी दोन्ही वेळा नेमकं पाहिलं होतं. १९१६चे श्रोते होते एका सेमिनारपुरते. 'समाजातील सर्व घटक' नव्हते. वाचक छोटा असला म्हणून काम छोटं होत नाही.

दुसरी शंका जास्त अवघड आहे. वाचक बघून लिहायचं म्हणजे वाचकाला आवडेल ते लिहायचं का? सर दुखावतील म्हणून साडेचारची गोष्ट गाळायची का?

याचंही उत्तर बाबासाहेबांकडेच आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. त्यांनी भाषण लिहून दिलं. मंडळातल्या लोकांना काही मजकूर झेपला नाही, बदला म्हणाले. त्यांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. श्रोत्यांकडे बघून मांडणी ठरवणारा माणूस श्रोत्यांसाठी निष्कर्ष बदलत नाही. सुरुवात कुठून करायची, काय समजावून सांगायचं, काय गृहीत धरायचं, कुठला पुरावा आधी ठेवायचा, हे वाचकावरून ठरतं. पुरावा काय सांगतो, ते नाही. माझ्या रिपोर्टमध्ये ७८चे २८ होणार नव्हते, वाचक कुणीही असो. प्रश्न एवढाच होता की ७८ कुठल्या पानावर जाणार.

मग बहिणीला मी तीन गोष्टी विचारायला लावल्या, टाइमटेबल लावणाऱ्या सरांबद्दल. त्यांना आधीच काय माहीत आहे? गुरुवारी हजेरी आहे पण शेवटी बाकं रिकामी असतात, हे त्यांना दिसतंच. त्यांना काय माहीत नाही? शेवटच्या गाडीची वेळ. सर बाइकनं येतात. आणि त्यांच्या मनात आधीपासून काय बसलंय? पोरींना प्रॅक्टिकलचं गांभीर्य नाही. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण रिपोर्टला तिथूनच वाट काढायची आहे. म्हणजे 'कॉलेजचं वेळापत्रक विद्यार्थिनींवर अन्याय करतं' हे पहिलं वाक्य असून चालणार नाही. पहिलं पान सरळ तक्त्याचं असावं. तारीख, प्रॅक्टिकल संपायची वेळ, गाडी सुटायची वेळ, किती जणी लवकर गेल्या, त्या कुठल्या रस्त्याच्या. दुसऱ्या रस्त्यावरच्या, ज्यांना सहाची गाडी आहे, त्या मुली शेवटपर्यंत थांबतात का, हेही मोजायचं. त्या थांबत असतील, तर मुद्दा गांभीर्याचा नाही, गाडीचा आहे, हे तक्ताच सांगेल. आणि त्याही लवकर जात असतील, तर आपलं म्हणणं चुकलं, तेही तसंच लिहायचं. मुलींची नावं मात्र कुठेही घालायची नाहीत. नाहीतर आपला रिपोर्टच त्यांच्या गैरहजेरीचा पुरावा व्हायचा.

आणि मार्क? तपासणारे सर आणि अपेक्षित वाचक हे बहुतेक वेळा वेगळे असतात, आणि तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो बघतो की तू ज्याचं नाव घेतलंस त्याच्याशी खरोखर बोलतेयस की नाही. पद्धत, संदर्भ, मर्यादा हे सगळं लागतंच, ते पूर्ण लिही. हिच्या बाबतीत दोघं एकच निघाले, हे अवघड आहे खरं. म्हणून मी तिला म्हटलं, सबमिशनच्या आधीच सरांना जाऊन भेट, विषय सांग, वेळापत्रकाबद्दल त्यांनाच दोन प्रश्न विचार. ज्याच्यासाठी लिहितोय त्याला एकदाही न भेटता लिहू नये, हे मी आत्याच्या स्वयंपाकघरात शिकलो.

तुम्हाला स्वतःसाठी करून बघायचं असेल तर एकच वाक्य पूर्ण करा: 'हे वाचून अमुक माणूस तमुक करेल.' अमुकच्या जागी तुमच्या फोनमध्ये नंबर सापडेल किंवा ज्याच्या ऑफिसचं दार तुम्हाला माहीत आहे असा माणूस हवा. तमुकच्या जागी त्याच्या हातातली गोष्ट हवी. 'जागरूकता निर्माण होईल' हे चालणार नाही. वाक्य पूर्ण होत नसेल तर अजून विषय सापडलेला नाही, एवढंच. एकापेक्षा जास्त वाचक असतील तर मुख्य एक ठेवा आणि दुसऱ्यासाठी वेगळं एक पान काढा.

माझं ते पान शेवटी निघालं. त्या मे महिन्यातच, अर्ध्या कागदावर, हातानं लिहिलेलं. सहा जागांची गावातली नावं, समोर आकडे, आणि खाली दोन ओळी: देवळामागच्या विहिरीचं पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये, उकळूनही नाही. सरपंच म्हणाले, पोरांच्या तपासणीवर कसं चालेल, सरकारी करून घेऊ. तेही बरोबरच होतं. पुढे सरकारी तपासणीतही मर्यादेच्या वरच आलं, आणि विहिरीवर पाटी लागली. त्या अर्ध्या कागदाला कुणी मार्क दिले नाहीत. आत्यानं तो फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवला होता, पुढची दोन वर्षं तरी मी पाहिला.

बहिणीचा परवा मेसेज आला. रकान्यात आता लिहिलंय, 'विभागाचे वेळापत्रक तयार करणारे शिक्षक. सोबत आगार व्यवस्थापकांसाठी एक पान'. सर काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, "शेवटची गाडी पावणेपाचला आहे हे खरंच माहीत नव्हतं म्हणाले. पण आधी वही पूर्ण कर म्हणाले." वहीत दोन गुरुवार भरलेत, अजून चार भरायचेत. काय निघतं ते कळलं की सांगेन.

तुमचा कुठलाही प्रोजेक्ट चालू असेल तर तो रकाना एकदा काढून बघा, आणि त्यात काय होतं आणि आता काय लिहिलंत, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.